देवळाबाहेरचं गाढव

सहलीहून परतताना निनाद गाडी चालवत होता आणि मागे त्याची आई नव्या सुनेला खोदून खोदून विचारत होती, "देवळाबाहेरच्या त्या दगडावर बाई आणि गाढव कशाला गं कोरलंय?"

मृण्मयी इतिहास शिकवायची, पण सासूबाईंना हसताना तिनं अजून पाहिलं नव्हतं. ती चाचरत म्हणाली, "आई, ती शिवी आहे. यादवांच्या काळातली. दान दिलेली जमीन जो बळकावेल, त्याच्या आईची गाठ गाढवाशी पडेल."

निनादनं आरशातून हळूच मागे पाहिलं.

"जमीन लेकानं लाटायची आणि गाढव आईला?" म्हणत सासूबाई अशा हसत सुटल्या, की डोळे पुसत मृण्मयीच्या खांद्यावरच कलंडल्या. मग पुढे वाकून त्यांनी लेकाला बजावलं, "निनाद, कुणाच्या जमिनीला हात लावू नकोस रे बाबा."