आखूड पिवळा

गाड्या तुंबतात म्हणून साहेबांनी तगादा लावला, तेव्हा सिग्नलच्या मेकॅनिकने चौकातल्या पिवळ्या दिव्याची वेळ आखूड करून टाकली होती. तेव्हापासून पिवळा दिसला की गाड्या थांबायचं सोडून सुसाट सुटायच्या आणि आदळायच्या.

आज भर दुपारी न राहवून त्याने पिवळा पुन्हा लांबवला. सिग्नलच्या पेटीचं झाकण लावतो न लावतो तोच चारही बाजूंना एकदम हिरवा लागला.

त्याने फ्यूज उपटला. हिरवाच. वायरी कापल्या. तरी हिरवाच.

समोरून बायको स्कूटरवर येताना दिसली. तो हात हलवत रस्त्यात धावला. “अगं, थांब! पाया पडतो, थांब!”

तिने वर दिव्याकडे पाहिलं. “अहो, हिरवा आहे की!” ती हसली आणि पुढे निघाली.

डावीकडून भरधाव येणाऱ्या ट्रकवाल्यालाही हिरवाच दिसत होता.