धरलेला दम

चढाईत पाच जण एकदम अंगावर पडल्यापासून त्या कबड्डीपटूला धाप लागली होती. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचा प्रोब त्याच्या मातीने माखलेल्या छातीवर डावीकडे टेकवला. श्वासाबरोबर सरकायला हवी ती फुफ्फुसाची रेघ पडद्यावर हलेना.

"फुफ्फुस मिटलंय," म्हणत नर्सने डावीकडे टोचायला सुई पुढे केली.

"थांबा." बाईंनी प्रोब उजवीकडे नेला. तिथेही रेघ ढिम्म. मग त्यांचं लक्ष त्याच्या फुगलेल्या गालांकडे गेलं. "अरे, दम कशाला धरलायस? सोड!"

त्याने श्वास सोडला. डावी रेघ झुळझुळ सरकू लागली. उजवी जागची हलली नाही. बाईंनी सुई उजवीकडे टोचली, तशी फुफ्फुसाबाहेर कोंडलेली हवा फुस्सकन सुटली.

"सवय हो, मॅडम," जरा वेळाने तो हसला. "आमच्यात दम सुटला की बाद."

"आमच्यात धरला की बाद."