डाव्या डोळ्याचा दर्जा

"गेल्या वर्षी पासष्ट, आज त्रेसष्ट! नाणं तेच, कंपनी तीच, तपासणारा माणूस तोच. मग नासलं काय, सांगा ना!"

व्यापाऱ्याने सीलबंद डबी टेबलावर आपटली. आतलं चांदीचं नाणं जागचं हललं नाही.

"जुनी डबी फोडलीत कशाला?" परीक्षकाने विचारलं.

"पुन्हा तपासलं तर सहासष्ट मिळतील म्हणून."

"मग नासायला तुमच्या घरापासूनच सुरुवात झाली होती."

व्यापारी डबी तिथेच टाकून आईबापाचा उद्धार करत जिना उतरला. त्याचं चुकत नव्हतं. कंपनी लोकांची जुनी नाणी तपासून, दर्जाचा आकडा घालून डबीत सीलबंद करून देते; हा आकडा सत्तरपैकी मिळतो. ज्याच्यावर भिंगाखालीही ओरखडा सापडत नाही त्याला सत्तर. खाली दोन आकडे घसरले की किंमत निम्मी. आणि गेले चार महिने कंपनीतून बाहेर पडणारं प्रत्येक नाणं दोन आकड्यांनी घसरत होतं.

बाजारात दुसरा विषय नव्हता. संग्राहकांच्या मासिकात एका विद्वानाने 'बदलते निकष' म्हणून सहा पानं खरडली. कुणी म्हणालं, जुन्या डब्यांचे भाव चढावेत म्हणून कंपनीनेच हा डाव टाकलाय. मालकाने तर सभेत छाती पुढे काढून सांगितलं, "आम्ही दर्जा कडक केलाय. आमचं धोरण आहे ते." टाळ्या पडल्या. धोरण कुणी ठरवलं, कधी ठरवलं, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

परीक्षकाला सगळं ठाऊक होतं. चार महिन्यांपूर्वी त्याच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता.

त्याआधी कित्येक वर्षं तो धुक्यातून नाणी बघत होता. बारीक ओरखडे त्या धुक्यात बुडून जायचे. पट्टी सुटली तशी सगळी नाणी खरवडलेली दिसायला लागली. घरही तसंच. कोपऱ्यातली जळमटं त्याने बायकोला बोट करून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "ऑपरेशन तुमचं आणि शिक्षा मला!"

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू अजून होता. त्याने व्यापाऱ्याची डबी दिव्याखाली धरली. डावा डोळा मिटला. त्रेसष्ट. उजवा मिटला. पासष्ट, तेही ठणठणीत.

शनिवारी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टरने बजावलं होतं, आता आणखी पिकू दिलात तर तो डोळा हातचा जाईल. परीक्षक रजा मागायला मालकाच्या खोलीत गेला. मालक पुढच्या सभेचं भाषण पाठ करत होता. 'कडक दर्जा' हा शब्द तिसऱ्यांदा कानावर आला तेव्हा परीक्षकाचं डोकं फिरलं.

"धोरण-बिरण काही नाही, साहेब. मला दिसायला लागलंय, एवढंच."

त्याने सगळं सांगून टाकलं. आता खुर्ची जाईल, पगार जाईल, अशी त्याची खात्री होती. मालक पाणी प्यायला आणि त्याने दार लावून घेतलं.

"म्हणजे जुना दर्जा अजून शिल्लक आहे?"

"कुठे?"

"तुमच्या डाव्या डोळ्यात."

परीक्षकाला आधी समजलंच नाही. मालकाने समजावून सांगितलं, अगदी प्रेमाने. जुन्या प्रत्येक डबीवरच्या आकड्याची कंपनीने हमी दिली आहे. हमीखाली सही परीक्षकाची आहे. ती नाणी फुगवलेली निघाली तर लोक भरपाई मागतील, आणि कंपनी ती सहीवाल्याकडून वसूल करेल. घर विकूनही फिटणार नाही.

"तेव्हा शनिवारचं रद्द करा."

"आणि डोळा, साहेब?"

"एक आहे ना तुम्हाला?"

घरी बायकोने हातातली कढई ओट्यावर दाणकन ठेवली. "त्यांचा धंदा चालावा म्हणून तुम्ही आंधळं व्हायचं?"

"एकाच डोळ्याने."

"मग पगार तरी वाढवून मागितलात का? की तेही दिसलं नाही?"

त्याने मागितला नव्हता. शनिवारी तो दवाखान्याऐवजी कामावर गेला.

महिन्याभरात दारावर नवी पाटी लागली. तपासणी दोन प्रकारची, पारंपरिक आणि काटेकोर. सकाळी परीक्षक उजव्या डोळ्यावर काळी पट्टी बांधून बसायचा. दुपारी पट्टी डाव्यावर जायची. व्यापारी दुधखुळे नव्हते. दुपारी त्याच्या टेबलावर माशीसुद्धा फिरकेना. सकाळी रांग जिना उतरून रस्त्यावर यायची.

मोतीबिंदू पिकत गेला आणि बाजारातली नाणी सुधारत गेली. पासष्टची सदुसष्ट झाली, सदुसष्टची एकोणसत्तर. मासिकातल्या विद्वानाने लिहिलं की अखेर कंपनीला शहाणपण सुचलं. मालकाचा सत्कार झाला. त्यात परीक्षकाला पहिल्या रांगेत बसवलं, डाव्या बाजूला. व्यासपीठ त्याने उजव्या डोळ्याने बघितलं.

थंडी संपता संपता एका सकाळी डाव्या डोळ्याला नुसता उजेड दिसायला लागला. डॉक्टर म्हणाला, आता कापण्यात अर्थ नाही. परीक्षक तिथून थेट कामावर आला. उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली. समोर आलेलं पहिलं नाणं दोन बोटांत कडेने धरलं आणि दिव्याखाली सावकाश फिरवलं. ना ओरखडा, ना डाग, ना झीज.

"सत्तर," तो म्हणाला. हा आकडा त्याने आयुष्यात कुणाला दिला नव्हता.

हाताखालच्या दोघा तपासनिसांनी नाणं आपल्याकडे ओढलं. तिघांचे आकडे जुळल्याशिवाय डबी बंद होत नसे. कुणीतरी कधीकाळी ते नाणं गळ्यात घातलं असावं. वरच्या बाजूला त्याला आरपार भोक पाडलेलं होतं.

दोघांनी भोकातून एकमेकांकडे बघितलं, आणि सत्तर लिहिलं.