तळहाताची जाण

शर्वरीने चाचणीच्या बोगद्यात वारा आणि त्यात थोडा धूर सोडला. मागे झुकलेल्या पंखाच्या धारेवर धुराने वातीसारखा पीळ धरला. पंख हळूहळू वर कलत गेला. आता पीळ सुटून धूर विस्कटणार, उडतं विमान असतं तर कोसळलंच असतं, एवढ्यात पंखाने आपणहून टोक जरासं वाकवलं आणि पीळ टिकला.

“हा तुमचाच हात, सर,” ती कौतुकाने म्हणाली.

हेरंब दाभाडे काचेतून पंखाकडे बघत होते. चाचणीची विमानं उडवताना ते उजवा हातमोजा काढून ठेवायचे. पीळ सुटायच्या आधीची थरथर त्यांच्या उघड्या तळव्याला कळायची. निवृत्त होताना ती जाण यंत्राने त्यांच्या हातातून काढून पंखांत भरली. आता जगातली सगळी विमानं तिच्यावरच उडत होती.

“ती जाण परत मिळेल का गं?” त्यांनी विचारलं. “माझी बायको, मालती, गेली तेव्हा तिचा हात माझ्याच हातात होता. तो गार पडलाय, हे मला नर्सने सांगितलं.”

शर्वरी त्यांच्याकडे वळली. “मिळेल, सर. पण मग सगळे पंख बधिर होतील.”

“मग राहू दे.”

वारा थांबल्यावर ते बोगद्यात उतरले. डोळे मिटून त्यांनी पंखावर हात ठेवला. काही म्हणजे काही कळलं नाही.

काचेपलीकडून, पंखाच्या नोंदी दाखवणाऱ्या पडद्यासमोरून शर्वरीचा आवाज आला, “सर, जरा बसून घ्या. तुमचा हात थरथरतोय.”

“कोण म्हणतं?”

“पंख.”