बाबांचा अंगठा

अकरा मिनिटं झाली आणि बाबांच्या डोक्यातली चिप पुन्हा बंद पडून चालू झाली.

"आपण कोण?" त्यांनी मृण्मयीला विचारलं.

"तुमची मुलगी. बाबा, नेटवर्कवरून आलेला निरोप वाचून झाला तरी चिप त्याची जागा मोकळी करत नाही. मेमरी भरते, चिप बंद पडते आणि तुम्ही मला विसरता. मी कोडमध्ये एक ओळ घातलीय. तेवढी मंजूर करा."

"मुलगी कशावरून?"

लग्नाचा अल्बम, जन्माचा दाखला आणि दोघांची नाकं आरशात शेजारी शेजारी बघणं, यात नऊ मिनिटं गेली. उरलेल्या दोन मिनिटांत बाबांनी कोड वाचला.

"कुठल्या गाढवानं लिहिलाय हा?"

"तुम्हीच. म्हणून तर तुमचाच अंगठा लागतो."

बाबांना हा अपमान पचेपर्यंत चिप बंद पडली.

"आपण कोण?"

सकाळपासून हे एकोणिसाव्यांदा. मृण्मयी म्हणाली, "मीटर बघायला आलेय. इथे अंगठा द्या."

बाबांनी निमूट दिला. दुरुस्ती बसली. अकरा मिनिटं गेली, मग तास गेला, चिप काही बंद पडेना. मृण्मयीला रडूच फुटलं.

"बाबा, मी कोण?"

"मीटरवाल्या बाई," ते गोंधळून म्हणाले. "एकदा सांगितलेलं मी विसरत नाही. पण तुम्ही रडताय कशाला?"