बर्फातला पाय

"पाय बाहेर काढ आधी!" डॉक्टर परचुरे ओरडले.

दापोलीच्या त्यांच्या दवाखान्यात भागोजी बाकावर बसला होता. बुरोंडीचा खलाशी, चाळिशीचा, अंगानं दणकट. डावा पाय गुडघ्यापर्यंत मासळीच्या खोक्यात, बर्फात रुतलेला. टेम्पोतून खोक्यासकट आला होता पठ्ठ्या. शेजारी बायको, जनी, तोंडाला पदर लावून उभी.

डॉक्टरांनी स्वतःच बर्फ उपसला. पाय पांढराफटक पडला होता, बोटं लाकडासारखी.

"गाढवा, काय करून बसलास हे?"

"तुमीच बोल्लात गेल्या खेपेला. धडधाकट पाय कापणार नाय, सडला तर कापीन."

बोलले होते खरे. दाराशी पेशंटची गर्दी, आणि हा पुन्हा तेच तुणतुणं घेऊन आलेला, पाय कापा म्हणून. वैतागून तोंडातून निघून गेलं. आता ते परत घेता येतंय थोडंच!

"अरे, पण बर्फात?"

"बर्फानं मेलेली मासळी टिकते, डाक्टर. जितं असंल ते मरतं."

डॉक्टरांनी पाय चाचपला. "अजून वाचेल. जनी, आत स्टोव्हवर सुयांचं पाणी उकळतंय. गार पाणी घालून कोमट करून आण. धाव!"

जनी आत पळाली.

"वाचवू नका वो." भागोजीनं त्यांचा हात घट्ट धरला. "पोर होतो तवापासून गुडघ्याखाली हा दुसऱ्या कुणाचा हाय. देवऋषी झाला, कोंबडे झाले, मुंबैच्या डाक्टरच्या गोळ्या झाल्या. समदी हसतात. मी येडा नाय, डाक्टर. होडी हाकतो, पोरींची लग्नं केली. फक्त हा माजा नाय."

"चांगला पाय कापायला माझा हात नाही उठणार रे."

"मग माजा उठंल. घरात कोयता हाय."

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. कापावा तर आपण कसाई, न कापावा तर हा कोयता घेणार. एवढ्या वर्षांच्या डॉक्टरकीत असा पेच कधी पडला नव्हता. भागोजी ओक्साबोक्शी रडत होता, एवढा मोठा बाप्या.

जनी पातेलं घेऊन दारात आली. गेल्या खेपेला हीच डॉक्टरांच्या हातापाया पडली होती, कापू नका म्हणून. आता ती दारातच थबकली.

"डाक्टर, पाय वाचला तर ह्यो सुखानं ऱ्हाईल?"

डॉक्टरांनी पातेल्यासाठी हात पुढे केला. "आण इकडे! वेळ जातोय."

जनीनं नवऱ्याकडे पाहिलं. मग मागे वळली आणि सगळं पातेलं मागच्या दारातून परसात उपडं केलं.

"पाणी सांडलं, डाक्टर," ती म्हणाली.