कवडी

"सगळं पसंत आहे हो. फक्त ती अळी तेवढी काढता आली तर बघा," पद्मजाताई म्हणाल्या.

यवतमाळच्या त्या हॉलमध्ये दुपारचं फारसं कोणी नव्हतं. भिंतींवर इंदुताईंची अकरा चित्रं लागली होती आणि पद्मजाताई मघापासून एकाच चित्रासमोर उभ्या होत्या. चार फुटांचं चित्र. त्यात उमललेलं कापसाचं एक मोठं बोंड, पांढरंशुभ्र, आणि त्यातून अर्धी बाहेर आलेली गुलाबी अळी.

"माझं आजोळ इथलंच, नेरचं," त्या इंदुताईंना सांगत होत्या. "नागपूरला आमचं नवीन घर झालंय. हॉलमध्ये कापूसच लावायचा, असं पहिल्यापासून मनात होतं. पण रोज सकाळी चहा घेताना समोर अळी..." त्या ओशाळून हसल्या. बाई चांगली होती. मनातलं बोलत होती.

इंदुताईंचा भाचा पियूष लगबगीने पुढे आला. प्रदर्शन त्याच्याच खटपटीने भरलं होतं, त्यासाठी तो पुण्याहून सुटी काढून आला होता. गेला महिनाभर फोनवर तो मावशीला एकच गोष्ट समजावत होता, की आधी आपलं गिऱ्हाईक कोण ते ठरव, मग ब्रश हातात घे. नवीन घर, मोठी भिंत, नवरा-बायको दोघं नोकरीत, गाव सुटलेलं पण मनातून न गेलेलं. असा माणूस हेरायचा आणि त्याला रुचेल ते काढायचं. आता ते गिऱ्हाईक तंतोतंत समोर उभं होतं.

त्याने इंदुताईंना बाजूला घेतलं. "मावशी, अर्ध्या तासाचं काम आहे. अळीवर पांढरा रंग फिरव, झालं. रंगपेटी आहेच इथे."

रंगपेटी होती. लोकांसमोर थोडं रंगवत बसलं की लोक थांबतात, म्हणून त्यानेच ती आणायला लावली होती.

चार वर्षं इंदुताई घरची शेती सांभाळून चित्रं काढत होत्या. अजून एकही कोणी मागितलं नव्हतं. गावातल्या बाया विचारायच्या, लोक मोर काढतात, देव काढतात, तुमी कायले अळ्या काढता? नागपूरच्या घरात आपलं चित्र लागणार, ही काही लहान गोष्ट नव्हती. त्यांनी चित्र खाली उतरवलं, पांढऱ्या रंगाची ट्यूब काढली आणि ब्रश पाण्यात बुडवला.

"जमने, जरा धर वं हे."

जमनी दाराशी बसली होती. वीस वर्षं ती इंदुताईंच्या शेतात कापूस वेचत आली होती. आज टेम्पोत चित्रं एकमेकांवर घासू नयेत म्हणून धरून बसायला सोबत आली होती. तिने दोन्ही हातांनी चौकट उभी धरली आणि पहिल्यांदाच ते चित्र जवळून पाहिलं.

"हा कोन्या वावरातला कापूस हाये, बाई?"

"आपल्याच. काहून?"

"आपल्या वावरातला नाई हा," जमनी शांतपणे म्हणाली. "अळी बराबर काढली तुमी. पन अळी लागल्यावर कापूस असा पांढरा राह्यते का? त्याची कवडी होते. पिवळा पडते, चिकटून बसते, बोटानं वढला तरी निंघत नाई. तुमाले का मालूम नाई?"

पियूष हसला. "काकू, चित्रात एवढं चालतं."

इंदुताई हसल्या नाहीत. आधी त्यांनी ते बोंड पिवळटच रंगवलं होतं. पियूषला फोटो पाठवला, तर तो म्हणाला, भिंतीवर उजळ दिसायला हवं. मग एका संध्याकाळी त्यांनी त्यावर पांढरा चढवला. अळी तेवढी ठेवली होती, आणि तेवढ्यावरच त्या स्वतःला धीट समजत होत्या.

त्यांनी पांढऱ्या रंगाची ट्यूब पेटीत परत टाकली. पिवळा घेतला, त्यात थोडा तपकिरी कालवला, आणि पहिलाच हात सगळ्यात पांढऱ्या जागी मारला.

"मावशी, हे काय करून राह्यली तू?" पियूषची पुण्याची बोली एका क्षणात गळून पडली.

"चित्र पुरं करून राह्यली."

"अहो, चित्र नको असं मी म्हटलं नव्हतं," पद्मजाताई गोंधळून म्हणाल्या. "फक्त अळी..."

"अळी राहीन, ताई. तिनं केलं ते बी राहीन," ब्रश न थांबवता इंदुताई म्हणाल्या. "पांढरा कापूस पायजे असन तर दिवाळीनंतर माह्या वावरात या. पिशवी भरून देईन. हे असंच राहीन."

पद्मजाताई पिवळा डाग एका पाकळीवरून दुसरीवर सरकताना पाहत राहिल्या. मग पर्स खांद्याला लावून निघाल्या. पियूष त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेला.

इंदुताई रंगवत होत्या. दोन पाकळ्या एकमेकींना चिकटल्या. अळीच्या भोवती काळसर गोल उठला. जमनीचे दंड भरून आले, पण तिने चौकट हलू दिली नाही. शेवटी इंदुताईंनी चित्र उचललं आणि होतं त्याच खिळ्याला परत अडकवलं.

पियूष एकटाच परत आला. चित्राकडे पाहून तो खुर्चीत बसला.

"आता हे कोण घेणार?"

त्याने ते कोणालाच विचारलं नव्हतं. पण जमनी दोन पावलं मागे सरली, झाडावरचं बोंड निरखावं तसं तिने ते मान तिरपी करून निरखलं. तिचा हात सवयीने कमरेकडे गेला, जिथे वेचलेला कापूस टाकायला फडक्याचा ओटा बांधलेला असतो, आणि तिथेच थांबला.

"मी तं नाई घेनार," ती म्हणाली. "असा कापूस मी ओट्यात टाकतच नाई."